फक्त आपल्यातले द्या

एकोणीस वर्षं झाली, शहरातल्या या गारखेड्यात एका शटरएवढ्या ऑफिसात बसून लोकांना भाड्याची घरं दाखवतोय. लोकांना वाटतं, एजंटला काय, बसल्या जागी आयतं मिळतं. या म्हणावं एक दिवस बसायला! फोन उचलून उचलून कान दुखतो आणि दर चार फोनांमागं एक किस्सा उरतो. घर भाड्यानं गेलं की घराचा विषय संपतो. किस्सा मात्र आमच्याकडंच राहायला येतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही.

पूर्वी हे किस्से सांगताना मीच आधी हसायचो. आता सांगता सांगता जांभई येते. पण तुम्ही बसलाच आहात आणि चहाही सांगितलाय, तर ऐका.

ऑफिसात आम्ही दोघंच. मी आणि रेखाताई. अकरा वर्षांपासून फोन त्या घेतात, जागांची यादी त्या ठेवतात, भाडेकरूला घर दाखवायला बहुतेक वेळा त्याच जातात. मला त्या भाऊ म्हणतात. सगळं गारखेडा मला भाऊच म्हणतं, पण त्या म्हणतात तेव्हा बरं वाटतं.

या उन्हाळ्यात वेळ त्यांच्यावरच आली. त्या राहत होत्या ते घर मालकानं विकायला काढलं. जून संपायच्या आत खाली करायचं. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी अकरावीला आणि तिचं कॉलेज आमच्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं. त्यामुळं दोन खोल्या गारखेड्यातच पाहिजेत. आता मला सांगा, सगळ्या गारखेड्याच्या रिकाम्या जागांची यादी जिच्या टेबलावर, तिला घर मिळायला किती दिवस लागावेत? मी म्हणालो, "ताई, आठवड्यात करून टाकू!"

ताई नुसत्या हसल्या. यादी त्यांनीच लिहिलेली होती ना.

* * *

या यादीतल्या अटी कशा असतात, ते आधी सांगतो.

एका मालकांचा फोन आला. नवा बंगला, वरचा मजला रिकामा. ताईंनी विचारलं, "भाडेकरू कसे पाहिजेत?"

"कोणीबी द्या, ताई. आपण जातपात काय मानत नाय. माझे दोस्त सगळ्या समाजाचे हायेत."

"बरं."

"एकत्र जेवतो आम्ही."

"बरं."

"फक्त आपल्यातले द्या."

"आपल्यातले म्हणजे?"

"आता तुम्हाला काय फोड करून सांगायचं? तुम्ही समजदार बाई आहात!"

ताईंनी यादीत लिहून घेतलं आणि फोन ठेवला. मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"काही नाही, भाऊ. फोन चालू होता तोवर मला आपल्यात घेतलं होतं त्यांनी."

रेखाताई बौद्ध आहेत. आवाजावरून तसं कळत नाही. आपल्याकडं ही एक मोठीच गैरसोय आहे!

* * *

आवाजावरून कळत नाही आणि आडनावावरूनही खात्री देता येत नाही. गायकवाड, जाधव, मोरे, पवार सगळीकडं सापडतात. म्हणून आमच्या मालक लोकांनी एक पद्धत बसवलीय. आडनावानं नाही कळलं तर गाव विचारायचं. गावानं नाही कळलं तर मामाचं आडनाव. मामानंही नाही कळलं तर कुलदैवत. चौथ्या प्रश्नापर्यंत माणूस सापडतोच.

तर आमचे एक अण्णा. रिटायर्ड. मराठा शेतकरी घरातले, कन्नड तालुक्यात शेती, इथं दोन मजली घर, आणि लग्नाची मुलगी. त्यांच्याकडं मी एका तरुणाला घेऊन गेलो. बँकेत ऑफिसर, नीटनेटका, आडनाव गायकवाड. अण्णांनी पाणी दिलं आणि सुरू झाले.

"गाव कोणतं म्हणायचं?"

"वडिलांच्या बदल्या व्हायच्या. असं गाव काही राहिलं नाही."

"मामा कुठले?"

"मला मामा नाही."

"बरं, कुलदैवत?"

पोरगा आता वैतागला होता. म्हणाला, "मी देवबिव मानत नाही, काका."

अण्णांनी मला जिन्यात नेऊन कानात सांगितलं, "नको. आलं माझ्या ध्यानात."

दोन महिन्यांनी अण्णांच्या मुलीला स्थळ आलं. मध्यस्थ म्हणाला, मुलगा बँकेत आहे, आपल्यातलाच, सगळं तपासून आणलंय. रविवारी पाहुणे आले. अण्णांनी हसत हसत दार उघडलं तर दारात आई-वडिलांसोबत हाच पोरगा उभा!

पोहे झाले, चहा झाला. अण्णांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही म्हणे. संध्याकाळी मला फोन. "भाऊ, तुम्ही वळखता त्याला. जरा समजावून सांगा. गैरसमज झाला म्हणावं."

मी पोराला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मुलगी चांगली आहे हो. पण ते घर मी आधी बघितलंय. हवा खेळती नाही."

* * *

असं नाही की सगळे मालक असेच. बिलकुल न विचारणारेही असतात. त्यांचा वेगळा त्रास असतो!

एक प्राध्यापक आहेत. समता या विषयावर व्याख्यानं देतात आणि चांगली देतात, मी ऐकलंय. त्यांनी फोन करून सांगितलं, "मला मुद्दाम मागासवर्गीय कुटुंबच द्या. आपण बोलतो तसं वागलं पाहिजे." मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, एवढ्या वर्षांत असा फोन पहिलाच. जिल्हा परिषदेत नोकरीला असलेलं एक कांबळे कुटुंब लगेच दिलं.

सात महिन्यांत कांबळे ऑफिसात हजर. "भाऊ, दुसरी जागा बघा."

"का हो? सर काही बोलले का?"

"सर कशाला बोलतील! देवमाणूस आहे. पण त्यांच्याकडं कोणी पाहुणा आला की मला खाली चहाला बोलवतात. 'हे आमचे कांबळे. सगळ्यांना एकाच सेटमधल्या कपबश्या बरं का आमच्याकडं!' पाहुणा माझ्याकडं बघतो, मी पाहुण्याकडं बघतो. दिवसाला तीन तीन चहा. माझी शुगर वाढली, भाऊ!"

यंदा ती जागा पुन्हा रिकामी झाली. मी ताईंना म्हणालो, "ताई, सर एका पायावर हो म्हणतील."

"म्हणतील की. पण माझी पोरगी लाजाळू आहे, भाऊ. तिला अभ्यास करू द्या. दर पाहुण्यापुढं कोण उभं करणार तिला?"

मला तेव्हा वाटलं, ताई उगीच आढेवेढे घेताहेत. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि या इथं निवड करताहेत! हे मला वाटलं, ते तसंच सांगतो. वेळेला मीही इतरांसारखाच असतो.

* * *

मग राहिली शाकाहारी मंडळी. "शुद्ध शाकाहारी फॅमिली पाहिजे," ही आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी अट. ऐकायला सोज्वळ, बोलायला लाज नाही.

अशाच एका मालकांकडं ताईंनी जाऊन, नाव-गाव सगळं सांगून स्वतःसाठी जागा मागितली. ताई खरोखर शाकाहारी आहेत. विपश्यनेला जायला लागल्यापासून घरात अंडंही नाही. मालक म्हणाले, "तसं नाय हो ताई. शाकाहारी म्हणजे... तुमच्या लक्षात येतंय ना मी काय म्हणतोय ते?"

"नाही आलं. आम्ही खात नाही, हे खरंच सांगतेय."

"खात नाय ते ठीक हाय हो. पण शाकाहारी नाय ना तुम्ही!"

त्यांच्या स्वयंपाकघरातून त्या वेळी मटणाचा रस्सा उकळत असल्याचा वास येत होता. रविवार होता. ताई म्हणाल्या, "मसाला छान भाजलाय वहिनींनी," आणि उठून आल्या.

मी चिडलो. म्हणालो, या माणसाचं नावच यादीतून काढून टाका! ताई म्हणाल्या, "कोणाकोणाचं काढणार, भाऊ? मग ऑफिस कशावर चालवायचं?" मी एजंट आहे, न्यायाधीश नाही, हे माझं ठरलेलं वाक्य आहे. त्या दिवशी तेही तोंडातून निघेना.

* * *

उलटा किस्साही ऐका. म्हणजे मालकच तेवढे वाईट असं वाटायला नको.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोस्टातून रिटायर झालेले साळवेकाका. बौद्ध. घर एकदम टकाटक, भाडं वाजवी, अट एकही नाही. तरी जागा सहा महिने रिकामी! लोक यायचे, खोल्या बघायचे, खुश व्हायचे. मग काकांच्या हॉलमध्ये ठेवलेला बुद्ध बघायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचे.

गंमत म्हणजे समोरच्या बंगल्यातही बुद्ध होता. त्याच्या डोक्यावरून कारंजं पडायचं, रात्री निळा लाइट लागायचा. तो बुद्ध सगळ्यांना चालायचा. काकांच्या बुद्धापुढं रोज ताजी फुलं असायची, एवढाच फरक.

काका एकदा मला म्हणाले, "पोस्टात होतो तेव्हा या सगळ्यांची पत्रं माझ्या हातून घरात जायची हो. तेव्हा कोणी हात बघितला नाही."

शेवटी एक मुस्लिम कुटुंब आलं. खुलताबादचं. मास्तर, बायको, दोन मुली. त्यांनाही शहरात जागा मिळत नव्हती, कारण सांगायला नको. ताई घर दाखवायला गेल्या. मला वाटलं, आता कोण कोणाला काय विचारतंय!

ताई परत आल्या त्या हसत. मी विचारलं, "काय झालं?"

"मास्तरांनी विचारलं, 'चाचा, नल कितने दिन में आता?' काका म्हणाले, 'आठवड्यानं.' मास्तर म्हणाले, 'टाकी बडी है ना?' काका म्हणाले, 'है.' झालं, भाऊ. ठरलं!"

आपल्या शहरात पाण्याएवढी समता कोणी आणली नाही. कोणाच्याच नळाला येत नाही!

ते कुटुंब अजून तिथंच आहे. ईदला शीरखुर्मा खाली येतो, बुद्धपौर्णिमेला खीर वर जाते. जागा काही खाली व्हायची नाही, त्यामुळं ताईंच्या उपयोगाची नव्हती.

* * *

मेच्या मध्यापर्यंत ताईंनी नऊ घरं बघितली. दुपारच्या उन्हात जायच्या, कारण संध्याकाळी गिऱ्हाइकांना घरं दाखवायची असायची. परत आल्या की मटक्यातलं पाणी प्यायच्या आणि फोन घ्यायला बसायच्या. मी विचारायचो, काय झालं? त्या म्हणायच्या, "हवा खेळती नाही." आमच्या ऑफिसात 'नाही' म्हणायची ती भाषाच झाली होती.

दहावं घर काकूंचं.

या काकू कन्नडच्या. घरचा ऊस, बक्कळ जमीन. नवरा वारला, मुलगा पुण्यात, म्हणून इथं घर बांधून राहिल्या आणि वरच्या दोन जागा भाड्यानं देतात. आठ वर्षांपासून ताईंशी फोनवर बोलताहेत. जागेचं काम असो नसो, दर चार दिवसांनी फोन. गुडघे, बीपी, सुनेचं वागणं, सगळं ताईंना सांगायच्या. "रेखा, तुझा आवाज ऐकला की लेकीचा फोन आल्यावानी वाटतं बघ." पण प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. काकूंची जागा दाखवायला कायम मीच जायचो. का जायचो, ते मला विचारू नका.

ताई मुलीला घेऊन गेल्या. काकू हरखल्या. "अगं बया, हीच का तू रेखा! किती बारीक गं! जेवतीस का नाय?" बळंच जेवायला बसवलं. पोरीच्या ताटात साजूक तूप वाढलं. जागा दाखवली. "हितं टेबल टाक पोरीला. उजेड चांगला येतो." तिचं कॉलेज खिडकीतून दिसत होतं. पोरगी खिडकीतून हलेना.

मग काकूंनी सहज विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

ताई फिरवाफिरवी करू शकल्या असत्या. त्यांनी नाही केली. म्हणाल्या, "काकू, आम्ही बौद्ध आहोत."

काकू पदराशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "माझं काय नाय गं, बाई. मी कुठं मानती! पण गावाकडून माणसं येत्यात."

रिक्षात मुलीनं आईला विचारलं, "मम्मी, मग तूप का वाढलं त्यांनी?" हे मला ताईंनी सांगितलं. मी एवढा संतापलो की तिथल्या तिथं काकूंना फोन लावायला निघालो होतो. लावला नाही. त्यांच्या दोन्ही जागा आमच्याकडं आहेत. मला माझीच शरम वाटली आणि शरमेवर मी चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ताईंनी घेतला. काकूच होत्या, नेहमीसारख्या. गुडघ्याचं झालं, सुनेचं झालं. शेवटी म्हणाल्या, "रेखा, ती जागा अजून तशीच पडलीय बघ. तुझ्यासारखीच एखादी गुणाची बघून दे ना."

ताई म्हणाल्या, "बघते, काकू."

आणि दिली! पुढच्याच आठवड्यात दिली. गुणाची होती ती बाई.

* * *

आता शेवटचा. हा कोणाला सांगितलेला नाही.

मे संपता संपता माझ्याच घराचा वरचा मजला रिकामा झाला. भाडेकरूची नागपूरला बदली झाली. दोन खोल्या, किचन, जिना बाहेरून. ताईंच्या मुलीच्या कॉलेजपासून दहा मिनिटं.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? माझी आई असते घरी. वय चौऱ्याऐंशी. आमचंही मूळ कन्नडकडंच, शेती अजून आहे, गावाकडून माणसं येतात. हो, मलाही ऐकू आलं मी आत्ता काय म्हणालो ते.

आज विचारतो, उद्या विचारतो करत दिवस घालवले. एकदा जेवताना धीर करून तोंड उघडलं, "आई..." ती म्हणाली, "काय रे?" मी म्हणालो, "वरण छान झालंय." बायकोनं माझ्याकडं बघितलं. वरण तिनं केलं होतं.

आई नाही म्हणाली असती का? मला माहीत नाही. कदाचित म्हणाली असती, "येऊ दे की, पोर शिकंल." एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मी हजार प्रश्न ऐकले, आणि स्वतःच्या आईला एक विचारता आला नाही.

मजला रिकामा झाल्याचं ताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भाडेकरू जाताना ऑफिसात येऊन त्यांचाच निरोप घेऊन गेला होता. ताईंनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. समोरासमोर बसून आम्ही दोघं तीन आठवडे फक्त उन्हाबद्दल बोललो. "आज फार आहे." "फारच." त्यांच्या हातात घर खाली करायला आता आठ दिवस उरले होते.

एक दिवस दुपारी मी बाहेरून आलो तर ताईंनी आधार कार्डाची झेरॉक्स लावलेला एक फॉर्म माझ्यापुढं ठेवला.

"भाऊ, तुमच्या वरच्या मजल्याला फॅमिली बघितलीय. नवरा-बायको आणि सासू. शांत माणसं आहेत."

मी फॉर्म हातात घेतला. नाव वाचलं. "कोण आहेत?"

"कन्नडकडचेच. मी सगळं विचारून घेतलंय." ताई चष्मा पुसत होत्या. "आईंना चालतील."

मी म्हणालो, "ताई, आणि तुमचं?"

"माझं बघणं चालूच आहे, भाऊ. तुमचं आधी होऊ द्या. बाहेर रिक्षात बसलेत ते, ऊन आहे. चावी द्या, दाखवून आणते."